शून्य सांगणारी माणसं

पहिलं पत्रक परवा पडलं. दारातल्या पायपुसण्यावर, पिझ्झ्याची जाहिरात आणि पन्हळी साफ करून देणाऱ्या कोणाचं तरी कार्ड यांच्या मधोमध. चकचकीत कागदावर एक गृहस्थ रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवून उभे आहेत, आणि चेहरा असा की घरात कोणी गेलंय. इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, उमेदवाराला खड्डा लागतोच. जवळपास नसला तर तो शोधायला जातो आणि मग फोटोग्राफरला बोलावतो. मी पत्रक उलटून पाहिलं. मागे उभ्या खांबांचा आलेख होता, त्यात सगळ्यात उंच खांब अर्थातच गृहस्थांच्या पक्षाचा. बाजूची पट्टी शून्यापासून सुरूच होत नव्हती, त्यामुळे बाकीचे पक्ष जमिनीत गाडल्यासारखे दिसत होते. मी ते रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं आणि हात धुतले.

म्हणजे आला तो मोसम. डॅफोडिलांनी माना टाकल्या, आमच्या कोपऱ्यावरच्या मॅग्नोलियाची फुलं फुटपाथवर पडून तपकिरी झाली, घड्याळं तासभर पुढे गेली, एकाच दुपारी ऊन, गारा आणि पुन्हा ऊन झालं. लोकांच्या बागांमधून पक्षांचे रंगीत फलक उगवले. मेच्या पहिल्या गुरुवारी मतदान. तोवर लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या वॉटफर्डला परागकणांनी शिंका येतात, मला बातम्यांमधल्या टक्क्यांनी येतात. सकाळी केटल लावताना रेडिओवरची बाई सांगते, की अमुक गटाचं तमुक पक्षाबद्दलचं मत 'सिग्निफिकंटली' बदललंय, आणि मी त्या रेडिओशी मोठमोठ्याने भांडते. नवरा शांतपणे टोस्टला लोणी लावत असतो. त्याच्या मते मी बरीच सुधारले आहे. पूर्वी मी रेडिओ बंद करून त्याच्याशी भांडायचे.

हा राग आयता आलेला नाही, कमावलेला आहे. कितीतरी वर्षं मी मेडनहेडमधल्या एका लहानशा कंपनीत लोकांची राजकीय मतं मोजत होते. रोज सकाळी एम ट्वेंटी-फाइव्ह हायवेवर गाड्यांच्या रांगेत बसायचं, ऑफिसात पोचून कोट वाळत टाकायचा, मशीनमधली करपट कॉफी घ्यायची आणि मग दिवसभर माणसांना तुकड्यांत कापायचं. काम तेच होतं. वयाने कापा, शिक्षणाने कापा, वंशाने कापा, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यापेक्षा वेगळा निघतो का ते टेस्ट लावून पाहा.

ती टेस्ट मी नागपूरला शिकले. तिच्याबद्दल मला आजही प्रेम आहे, म्हणून तिची बाजू आधी सांगते. सिग्निफिकन्स टेस्ट एकच गोष्ट विचारते: मुळात काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता कितपत? फारच कमी असेल, तर फरक सिग्निफिकंट. बस. फरक मोठा आहे का, कामाचा आहे का, तो पडला कशामुळे, यातलं काहीही ती सांगत नाही. बिचारीने तसा दावा कधी केलेलाही नाही. सज्जन बाई आहे. फक्त ती चुकीच्या घरात दिली गेली.

आमच्या तक्त्यांत अशा आकड्याशेजारी चांदणी काढायची पद्धत होती. खात्री जास्त असली तर दोन चांदण्या. बालवाडीतल्या बाई मुलांच्या वहीत देतात, तशाच. आणि गिऱ्हाइकं बालवाडीतलीच. पक्षाचे लोक यायचे, शंभर ओळींचा तक्ता समोर ठेवला तरी आकड्याकडे ढुंकून बघायचे नाहीत, बोट थेट चांदणीवर. आमचा डायरेक्टर जाइल्स त्यांच्याही वरताण. तो इतिहास शिकलेला, लहानपणापासून गणिताला घाबरणारा, आणि म्हणूनच चांदणीचा अतोनात भक्त. ज्या गोष्टीला आपण घाबरतो तिची पूजा करणं त्याला सोपं गेलं असावं.

आता यातली गंमत कोणाही शहाण्या माणसाला दोन मिनिटांत कळेल. चांदणी द्यायची मर्यादा साधारण विसात एक अशी धरतात. म्हणजे कशातच काही नसताना तुम्ही वीस तुकडे तपासले, तरी सरासरीने एखादा चमकणारच. आमच्याकडे विसावर थांबायला कोणाला वेळ होता? भाड्याने राहणारे, घर असणारे, सायकल चालवणारे, ओट मिल्क पिणारे, कुत्रा पाळणारे, मांजर पाळणारे, दोन्ही पाळणारे. कापत जायचं. कुठेतरी चांदणी लुकलुकली की जाइल्स खुर्चीतून उठून उभा राहायचा. "देअर इज अ स्टोरी हिअर!" आणि दुसऱ्या दिवशी ती स्टोरी कुठल्यातरी वर्तमानपत्रात, की मांजरवाल्या बायका सरकारवर नाराज आहेत. ज्या तुकड्यांत काहीच सापडलं नाही त्यांची बातमी मी अजून कुठे वाचलेली नाही.

एकदा साठीपुढचे भारतीय वंशाचे पुरुष इतके कमी सापडले, की त्यातल्या एकाच गृहस्थांच्या मताला कितीतरी माणसांचं वजन द्यावं लागलं. या धंद्यात तशी रीतच आहे. त्या गृहस्थांना त्या दिवशी चहा गार मिळाला असेल, तर एका सबंध पिढीचा देशाच्या भविष्यावरचा विश्वास उडाला. मी जाइल्सला हे सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "पण वेटिंग तर तुम्हीच करता ना?" ते वजन देण्याचं काम मीच करत होते. आणि शेजारी तळटीपही लिहीत होते, जी छापताना दर वेळी जागेअभावी गळायची.

पण हे सगळं पोट धरून हसण्यासारखं होतं तोवर मीही हसत होते. हसू गेलं ते रेवतीच्या निवडणुकीत.

रेवती आमच्या वॉर्डातली. जन्म वॉटफर्डचा, शाळा वॉटफर्डची, हाय स्ट्रीटजवळच्या फार्मसीत फार्मसिस्ट. तिची आई, मालतीकाकू, लग्न होऊन गिरगावातून थेट इथे आल्या आणि फॅक्टरीत कामाला लागल्या, त्या काळच्या. काका गेल्यावर काकूंचं बाहेर पडणं एका जागेपुरतं उरलं होतं: आमच्या वॉर्डाचा कम्युनिटी हॉल. दर सोमवारी तिथे म्हाताऱ्या माणसांचं एकत्र जेवण असायचं आणि काकू डाळ करायच्या. गोरे म्हातारे ती डाळ सूप समजून मगमधून प्यायचे आणि वर मिरपूड भुरभुरायचे. काकूंना ते दिसायचं. पुढच्या सोमवारी त्या डाळ थोडी पातळ करायच्या.

त्या हॉलचा वास मला आजही कुठेही ओळखता येईल. फरशीचं पॉलिश, ओले कोट, रेडिएटरवर तापलेली धूळ आणि किचनमधून येणारी हिंगाची फोडणी. शनिवारी पोलिश आया लहान मुलांना घेऊन यायच्या, रविवारी आमची मराठी शाळा भरायची, आणि मेच्या गुरुवारी त्याच हॉलमध्ये मतपेट्या ठेवून मतदान व्हायचं. कौन्सिलला तो हॉल विकून तिथे फ्लॅट बांधू द्यायचे होते. विका म्हणणारे आणि नको म्हणणारे कौन्सिलात जवळजवळ बरोबरीचे, आणि आमच्या वॉर्डाची जागा रिकामी होत होती. रेवती निवडून आली तर हॉल राहणार, पडली तर जाणार. इतकं सरळ होतं. म्हणूनच ती उभी राहिली. एरवी तिला राजकारणाचा कंटाळा.

"वैशाली, तो हॉल गेली ना," ती मला म्हणाली होती, "तर आई घरातून बाहेरच नाही पडणार. शी'ज गॉट नथिंग एल्स, यू नो." तिच्या मराठीतले लिंगांचे गोंधळ आम्ही कधीच सुधारायचं सोडून दिलंय. म्हणणं कळत होतं.

तिच्या पक्षाने त्या वर्षी वॉटफर्ड, मेडनहेड, ब्रॅकनेल अशा ऑफिसला जाणाऱ्यांच्या गावांमध्ये मिळून एक पोल करवला, तोही नेमका आमच्या कंपनीकडून. तक्ते माझ्या टेबलावर आले. त्यात दोन चांदण्या चमकत होत्या. एक कुत्रा पाळणाऱ्यांच्या ओळीत: हे लोक म्हणे पक्षाच्या बाजूने सिग्निफिकंटली जास्त झुकलेले. ती चांदणी कुठून आली हे मला माहीत होतं, इतके तुकडे कापल्यावर ती कुठेतरी येणारच होती. दुसरी चांदणी भारतीय वंशाच्या ओळीत, मतदानाला जाणार का या प्रश्नासमोर. शून्य ते दहामध्ये शक्यता सांगा, असा प्रश्न. आमच्या माणसांतल्या बऱ्याच जणांनी शून्य टाकलं होतं. कमी नाही, जेमतेम नाही, चक्क शून्य. आणि ज्याने शून्य टाकलं त्याला आमची प्रश्नावली पुढचा प्रश्नच विचारत नव्हती. कोण आवडतं, हॉल हवा की नको, काही नाही. धन्यवाद, निघा.

दुसरी चांदणी खोटी नव्हती, म्हणून मी तिच्यापाशी जास्त थांबले. गट बऱ्यापैकी मोठा, फरक ठसठशीत. योगायोग नक्कीच नाही. पण शिकलेले लोक, चांगल्या नोकऱ्या, घरी दोन्ही वेळेला भारतातल्या राजकारणावर आरडाओरडा करणारे. हे लोक शून्य कसे?

"यांनी शून्य का सांगितलं ते विचारू या," मी मीटिंगमध्ये म्हटलं. "थोड्या लोकांना फोन करू."

"पण फरक सिग्निफिकंट आहे ना?" जाइल्सने विचारलं.

"आहे."

"मग झालं तर. दे आर जस्ट नॉट एंगेज्ड." आणि त्याने पक्षाला लिहून दिलं, की स्टेशनजवळच्या नव्या इमारतींवर, जिथे आपली सगळी आयटीवाली मंडळी राहतात, तिथे मनुष्यबळ वाया घालवू नका. ते कुत्रेवाल्यांकडे वळवा.

त्याच आठवड्यात हॉलमध्ये गुढीपाडवा होता. गुढीला पडद्याचा रॉड, त्यावर कोणाचा तरी पैठणीचा ब्लाउजपीस. उदबत्ती लावायची नाही, कारण फायर अलार्म वाजतो. वेलदोड्याच्या वासाचं, ग्रीक योगर्टचं श्रीखंड, गरम पुऱ्या, आणि बाहेर उगाच चार-दोन गारा. मी पुरीच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक तरुण जोडपं, तो ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत. बोलता बोलता मी विचारलं, मतदानाला येणार ना?

"आम्ही? आम्हाला कुठे असतं व्होट!" तो हसला. "आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, ताई. मला मागे एक ऑनलाइन सर्व्हे पण आला होता. झिरो टाकलं मी. ऑनेस्टली."

माझ्या हातातली कागदी डिश वाकली. मागच्याला विचारलं, त्याच्या मागच्याला विचारलं. सगळ्यांचं एकच. एक जण तर घाबरलाच: "नको हो. उगाच व्होट करायला जायचो आणि होम ऑफिसवाले व्हिसाच्या एक्स्टेन्शनला नडायचे." आपल्या डोक्यात मत म्हणजे नागरिकत्व, हे इतकं पक्कं बसलेलं, की विचारायचंसुद्धा कोणाला सुचलेलं नव्हतं. आणि या देशाचा कायदा असा, की तुम्ही भारतासारख्या कॉमनवेल्थ देशाचे नागरिक असाल, इथे रीतसर परवानगीने राहत असाल आणि इथला पत्ता असेल, तर तुम्हाला मत आहे. नाव नोंदवायचं आणि भारताचा पासपोर्ट दाखवून मत द्यायचं. एवढंच.

रेवती श्रीखंडाचा डाव हातात धरून ऐकत होती. "म्हणजे, वेट. दे डोन्ट नो?" ती म्हणाली. "आय थॉट एव्हरीबडी नोज दॅट. शाळेत सिटिझनशिपच्या क्लासमध्ये शिकवला होता मला." तिला कायदा ठाऊक होता. या मंडळींना तो ठाऊक नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ती आणि ही मंडळी एकाच हॉलमध्ये वर्षानुवर्षं पुऱ्या खात आली होती, पण हा विषय त्यांच्यात कधी निघालेलाच नव्हता.

नावनोंदणीची मुदत संपायला अजून वेळ होता. मला खरोखर वाटलं की जिंकलो. चांदणीचा अर्थ सापडला होता. ही माणसं उदासीन नव्हती, त्यांना फक्त कोणीतरी दार वाजवून सांगायचं होतं. पक्षाकडे स्वयंसेवक होते, पत्रकं होती, गाड्या होत्या. दहा-पंधरा दिवस त्या इमारतींमध्ये फिरले असते तर काम झालं असतं.

सोमवारी मी जाइल्ससमोर उभी राहिले. त्याने सगळं नीट ऐकलं, मान तिरकी करून, फार समजूतदार चेहऱ्याने. मग म्हणाला, "हे तर अनेक्डोट झालं, वैशाली. पुरीच्या रांगेत भेटलेली माणसं म्हणजे सॅम्पल नव्हे." ज्या माणसाने आयुष्यात एकदाही स्वतः टेस्ट चालवली नव्हती, तो मला सॅम्पल म्हणजे काय ते सांगत होता. पक्षाच्या कॅम्पेनची बाई, फिलिपा, हिला रेवतीने त्या संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातून माझ्यादेखत फोन केला. स्पीकरवर फिलिपाचा आवाज फार गोड होता. "रेवती, डार्लिंग, आय हिअर यू, पण डेटा अगदी क्लिअर आहे. तुझ्या कम्युनिटीला यात रस नाही. तू पर्सनली घेऊ नकोस."

फोन ठेवल्यावर रेवतीने फ्रिजवरचं एक मॅग्नेट उगाच सरळ केलं. "माझा कम्युनिटी," ती म्हणाली. "शी'ज टेलिंग मी अबाउट माझा कम्युनिटी."

मग त्या एप्रिलमध्ये मी एक असं दृश्य पाहिलं, जे कोणी लिहून दिलं असतं तर मी त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. शनिवारी सकाळी पार्कात पक्षाचे स्वयंसेवक पक्षाच्या रंगाचे रेनकोट घालून उभे, खिशात कुत्र्यांची बिस्किटं. धुक्यात लॅब्रेडोर, स्पॅनियल, लोकरीच्या गुंडाळ्यांसारखी ती हल्लीची फॅशनेबल कुत्री, सगळ्यांना एकेक बिस्कीट आणि मालकाला एकेक पत्रक. कुत्री खुश होती. ओल्या गवताचा छान वास येत होता. पत्रकं बाकाशेजारच्या डब्यात पडत होती, कुत्र्यांची घाण भरलेल्या त्या पिशव्यांबरोबर. आणि पार्कापासून चालत जायच्या अंतरावर त्या सात-आठ मजली इमारती उभ्या होत्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले टॉवेल आणि तुळशीच्या कुंड्या दिसत होत्या, आणि तिथे कोणी जात नव्हतं.

आम्ही गेलो. रेवती फार्मसीतून सुटल्यावर, मी मेडनहेडहून आल्यावर, आणि मालतीकाकू, त्यांच्या गुडघ्यांसकट. त्या इमारतींना खाली बटणांची पाटी असते. बटण दाबायचं, वरून कोणी उचललं तर बोलायचं. "हॅलो, मी अमेझिंग बातमी..." असं रेवती सुरू करायची आणि वरचा माणूस काहीतरी विकायला आलेत समजून बंद करायचा. मग काकू पुढे झाल्या. "अहो, मी मालतीकाकू बोलतेय, हॉलमधली. दार उघडा जरा," असं म्हटलं की उघडायचं. पण आम्ही तिघी, आणि मजले किती! संध्याकाळी लोक घरी नसायचे, असले तर मुलांना जेवू घालत असायचे. मुदत संपली त्या दिवशी काकू लिफ्टजवळच्या पायरीवर बसल्या आणि उरलेल्या इमारतींकडे बघत म्हणाल्या, "एवढी सगळी राहिली गं."

मतदानाचा गुरुवार मात्र सुरेख होता. ऊन पडलं होतं, हॉलच्या दारात 'पोलिंग स्टेशन'ची पाटी, आत दोरीला बांधलेल्या पेन्सिली, फळीवर चिठ्ठी ठेवून फुली मारायची. बाहेर रेलिंगला कुत्री बांधलेली. फार कुत्री आली होती त्या दिवशी. फिलिपाला बरं वाटलं असेल. त्यांचे मालक आत जाऊन कोणाला मत देत होते, हे मात्र कुत्र्यांनाही ठाऊक नसावं. संध्याकाळी गाड्या यायला लागल्या आणि स्टेशनातून आमची माणसं बाहेर पडली, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, कानात फोन, आईशी बोलत. हॉलच्या दारावरून गेली. पाटीकडे कोणी बघितलंही नाही. घरी जाऊन कुकर लावायचा होता.

शुक्रवारी सकाळी लेजर सेंटरमध्ये, म्हणजे पोहण्या-व्यायामाच्या केंद्रात, मोजणी. स्विमिंग पूलच्या क्लोरीनचा वास, लांबलचक टेबलं, त्यावर मतांच्या चिठ्ठ्यांच्या जुड्या. दोन्ही उमेदवारांच्या जुड्या बराच वेळ सारख्याच दिसत होत्या. रेवती पडली ती एका मुठीत सहज मावतील एवढ्या चिठ्ठ्यांनी. काकूंनी निवडणूक अधिकाऱ्याचं इंग्रजी नीट ऐकलं, टाळ्याही वाजवल्या, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "चुकलं कुठे गं आपलं?" रेवती त्यांची पर्स शोधायला खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आढाव्याची मीटिंग झाली. जाइल्सने पडद्यावर तक्ता लावला. भारतीय वंशाच्या लोकांचं मतदान सिग्निफिकंटली कमी. या वेळी दोन चांदण्या. "वी कॉल्ड इट," तो म्हणाला, आणि फिलिपाने मान डोलावली. कोणी म्हणालं की फारच अचूक मॉडेल आहे. मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला मनापासून किळस आली. रागाच्या पलीकडची किळस. तुम्ही लोकांच्या दारात जाऊ नका म्हणून सांगता, कोणी जात नाही, म्हणून लोक येत नाहीत, आणि मग तुम्ही आपल्याच अचूकपणाबद्दल चहाबरोबर केक खाता. मूर्खपणाला मी क्षमा करू शकते, घरात पुष्कळ सराव आहे. पण हा मूर्खपणा नव्हता. त्यांना प्रश्न विचारायची गरजच वाटली नाही, कारण उत्तराशेजारी चांदणी होती. मी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "त्यांना आता तरी कोणी विचारलं का?" जाइल्स म्हणाला, तो पुढच्या पोलचा विषय होऊ शकेल.

वर्षाच्या आत मी ती नोकरी सोडली. आता एका डेअरीच्या कंपनीत दह्याच्या चवीचे तक्ते करते. टेस्टा त्याच, चांदण्या त्याच. पण दही आंबट आहे असं दहा माणसं म्हणाली, तर आमचे लोक चमचा घेऊन स्वतः चाखून बघतात. एवढी अक्कल दह्याच्या बाबतीत लोकांना असते.

हॉल त्याच हिवाळ्यात विकला गेला. आता तिथे निळ्या पत्र्यांचं कुंपण आहे, त्यावर भावी रहिवाशांची चित्रं, सगळे कॉफी पिऊन हसताहेत. मतदान केंद्र यंदा त्याच्या मागच्या कार पार्कात ठेवलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये आहे, असं पोलिंग कार्डावर आलंय. मराठी शाळा ऑनलाइन भरते, म्हणजे मुलं कॅमेरा बंद करून झोपतात. सोमवारी मी कधी काकूंकडे गेले, तर त्या खिडकीशी बसलेल्या असतात. एकटीसाठी डाळ करतात. "घट्टच करते आता," त्या एकदा म्हणाल्या. "कोणाला प्यायची आहे?"

आणि तरी रेवती यंदा पुन्हा उभी आहे. कोणाच्या पक्षाकडून नाही, एकटी. पत्रकं घरच्या प्रिंटरवर, खड्डा नाही, आलेख नाही. पत्रकावर सगळ्यात वर मराठीत, गुजरातीत आणि तमिळमध्ये एकच वाक्य आहे: तुम्हाला मत आहे. जाइल्सला ते फार ढोबळ वाटेल.

काल शनिवारी सकाळी आम्ही स्टेशनजवळच्या इमारतींपासूनच सुरुवात केली. या वेळी मुदतीच्या किती तरी आधी, आणि रेवतीच्या फार्मसीतल्या मुली, पोलिश आया, हॉलमधले दोन गोरे म्हातारे, असे बरेच जण होतो. काकू आमच्याबरोबर होत्या. जिन्यात कोणाच्या तरी पोह्यांचा वास सुटला होता. तिसऱ्या मजल्यावर एका दारामागून आधी प्रेशर कुकरची शिट्टी आली आणि मग एक गृहस्थ, हातात झारा. मी त्याला ओळखलं. पुरीच्या रांगेत भेटला होता तो नव्हे, पण पाडव्याला दिसायचा, कोपऱ्यात मुलीला कडेवर घेऊन. मागे त्याची बायको टॉवेलने हात पुसत आली.

"नाही हो, आम्हाला व्होट नाहीये," तो मागे सरत म्हणाला. "आमचं आयएलआर व्हायचंय अजून."

रेवतीने सांगितलं. आयएलआर म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, ती लागत नाही. नागरिकत्व लागत नाही. व्हिसा चालतो. पासपोर्ट तुमचाच, निळा. व्हिसावर काही परिणाम होत नाही. फोनवर पाच मिनिटांत नाव नोंदवता येतं. त्याने झारा बायकोच्या हातात दिला आणि पत्रक दोनदा वाचलं. बायको त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"म्हणजे दोघांनाही आहे?" तिने विचारलं.

"दोघांनाही," रेवती म्हणाली.

मग जिन्याच्या खिडकीकडे त्याची नजर गेली. तिथून ते निळं कुंपण दिसतं.

"मागच्या वेळी," त्याने विचारलं, "हॉलचं झालं तेव्हा... तेव्हाही होतं?"

रेवती माझ्याकडे बघायला लागली. काकू एक पायरी खाली उभ्या होत्या, कठड्याला धरून, धाप लागलेली.

"होतं," काकू म्हणाल्या. "तेव्हाही दोघांना होतं."